बाह्य पडद्याच्या जोडणीनंतर लॅपटॉपच्या पडद्यात व कर्सरमध्ये उद्भवणारे दोष : कारणमीमांसा आणि निराकरण

बीजसंज्ञा : लॅपटॉप, प्रोजेक्टर, बाह्य पडदा, रिझोल्यूशन, कर्सर, ग्राफिक्स ड्रायव्हर, अर्थिंग

प्रस्तावना :

महाविद्यालयीन अध्यापनात खडू आणि फळा यांच्या जोडीला प्रोजेक्टर येऊन आता बराच काळ लोटला आहे. वर्गातील व्याख्यान, चर्चासत्रातील निबंधवाचन, पीएच.डी.ची मौखिक परीक्षा, मूल्यांकन समितीपुढील विभागाचे सादरीकरण अशा प्रसंगी प्राध्यापकाचा लॅपटॉप एखाद्या बाह्य पडद्याला जोडला जातो. जोडणी करताना येणाऱ्या अडचणी सर्वांसमक्ष घडतात. त्यामुळे त्या सोडविण्यासाठी कोणी ना कोणी धावून येते. परंतु अडचणींचा दुसरा एक वर्ग असा आहे की, तो केबल काढल्यानंतर, म्हणजे तास संपवून प्राध्यापक स्टाफरूममध्ये परतल्यावर प्रकट होतो. अक्षरे फुगीर वा पुसट दिसू लागतात. उघडलेली फाईल पडद्यावर येतच नाही. कर्सर कडेला जाऊन नाहीसा होतो, अडखळतो किंवा आपोआप उड्या मारतो. पडदा लुकलुकतो अथवा काळाच राहतो.

अशा वेळी बहुधा लॅपटॉप बिघडला असे गृहीत धरून तो दुरुस्तीला दिला जातो आणि तेथे ‘फॉरमॅट’ हा सर्व रोगांवरील एकच उपाय केला जातो. लॅपटॉपमध्ये प्रश्नपत्रिकांचे मसुदे, अंतर्गत गुणांच्या याद्या, संशोधनाची टिपणे आणि प्रबंधाची प्रकरणे असतात. ती गमावण्याचा धोका तर असतोच, शिवाय गोपनीय मजकूर परक्या हाती जातो. एवढे करूनही दोषाचे मूळ जोडणीत असेल, तर पुढच्या तासानंतर तोच दोष पुन्हा दिसतो. याच्या उलटही घडते. बिजागरीतून जाणारी केबल खरोखरच झिजत असताना दोष ‘सेटिंगचा’ समजून महिनोन्‌महिने दुर्लक्षिला जातो आणि एखाद्या महत्त्वाच्या सादरीकरणाच्या दिवशीच पडदा बंद पडतो. म्हणून दोष नेमका कोठे आहे, हे ओळखणे दुरुस्तीइतकेच महत्त्वाचे ठरते.

प्रस्तुत लेखात विंडोज प्रणालीवर चालणारा लॅपटॉप आणि वर्गातील प्रोजेक्टर किंवा मोठा पडदा ही सर्वसामान्य जोडणी विचारात घेतली आहे.

उद्दिष्टे :

१. लॅपटॉप व बाह्य पडदा यांच्यात होणाऱ्या माहितीच्या देवाणघेवाणीचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. केबल काढल्यानंतर राहणाऱ्या दोषांचे वर्गीकरण करणे.
३. संगणकशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या प्राध्यापकांना करता येईल असा निदानाचा क्रम मांडणे.
४. महाविद्यालयाच्या पातळीवर करावयाचे प्रतिबंधक उपाय सुचविणे.

जोडणीचे स्वरूप :

केबल जोडली की चित्र पलीकडे जाते, एवढीच सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः चित्र जाण्यापूर्वी पलीकडून लॅपटॉपकडे माहिती येते. प्रत्येक मॉनिटर वा प्रोजेक्टर स्वतःचे एक ओळखपत्र बाळगून असतो. त्यात निर्माता, मॉडेल, चालू शकणारी रिझोल्यूशने आणि पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने रेखाटला जाऊ शकतो याचा दर, म्हणजे रिफ्रेश रेट, यांची नोंद असते. ‘ईडीआयडी’ या नावाने ओळखले जाणारे हे ओळखपत्र ‘वेसा’ या संस्थेने १९९४ मध्ये प्रमाणित केले. त्याचा मूळ भाग केवळ १२८ बाइटचा आहे. लॅपटॉप ही माहिती वाचतो आणि त्यानुसार चित्राची मापे ठरवितो.

जोडणीचे मार्ग मात्र काळानुसार बदलत गेले. आयबीएम कंपनीने १९८७ मध्ये आणलेली व्हीजीए ही १५ पिनांची जोडणी अॅनालॉग पद्धतीची आहे. २००२ च्या अखेरीस एचडीएमआय, २००६ मध्ये डिस्प्लेपोर्ट आणि २०१४ मध्ये यूएसबी-सी या जोडण्यांची मानके प्रसिद्ध झाली. इंटेल, एएमडी आदी कंपन्यांनी डिसेंबर २०१० मध्येच व्हीजीएला निरोप देण्याचे जाहीर केले होते. तरीही अनेक वर्गांच्या भिंतीतून गेलेली केबल व्हीजीएचीच आहे. साहजिकच नवा लॅपटॉप आणि जुनी केबल यांच्यामध्ये कन्व्हर्टर येतो. एका लॅपटॉपवरून दोन पडदे चालवायचे असल्यास स्प्लिटरही येतो.

येथेच बऱ्याच दोषांचे मूळ आहे. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी एक पिन ‘पलीकडे पडदा आहे’ एवढेच सांगण्यासाठी राखलेली असते. व्हीजीएमध्ये अशी स्वतंत्र पिन नाही. त्यामुळे पडद्याची उपस्थिती अप्रत्यक्ष रीतीने ताडावी लागते. शिवाय काही कन्व्हर्टर व स्प्लिटर आपल्याजवळच एक ओळखपत्र साठवून ठेवतात आणि प्रोजेक्टर बंद असला तरी ते लॅपटॉपला पुरवीत राहतात. प्राध्यापकाने प्रोजेक्टरच्या बाजूची केबल काढली, पण कन्व्हर्टर लॅपटॉपलाच लटकत राहिला, तर लॅपटॉपच्या दृष्टीने दुसरा पडदा अद्याप अस्तित्वात असू शकतो. त्या अदृश्य पडद्यावर फाईल उघडते, कर्सर जातो आणि वापरकर्त्याला मात्र लॅपटॉप बिघडल्याचा भास होतो.

आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. विंडोज प्रणाली पडद्यांच्या प्रत्येक जुळणीसाठीची मांडणी स्वतंत्रपणे लक्षात ठेवते. एका वर्गात केलेली मांडणी त्याच प्रोजेक्टरशी पुन्हा जोडताच परत लागू होते. एखादा दोष विशिष्ट वर्गातून आल्यावरच का उद्भवतो, याचे एक स्पष्टीकरण यातून मिळते.

पहिली कसोटी : दोष चित्रात की पडद्यात?

पडद्यावर दिसणारे चित्र दोन टप्प्यांत तयार होते. प्रथम ते लॅपटॉपच्या स्मृतीत संख्यांच्या रूपाने रचले जाते आणि नंतर केबलद्वारे पडद्यापर्यंत पोहोचविले जाते. यापैकी कोणत्या टप्प्यात दोष आहे हे ठरविण्याची सोपी रीत म्हणजे दोष दिसत असतानाच पडद्याचा स्क्रीनशॉट घेणे आणि ती फाईल दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाईलवर पाहणे. दोष स्क्रीनशॉटमध्येही आढळला, तर चित्र रचतानाच चूक झाली आहे. म्हणजे दोष प्रोग्राम, प्रणाली वा ग्राफिक्सच्या गणनेत आहे. स्क्रीनशॉट स्वच्छ असून पडद्यावर रेघा, डाग वा लुकलुक दिसत असेल, तर दोष पुढील टप्प्यात, म्हणजे ड्रायव्हर, केबल किंवा प्रत्यक्ष पडदा यांत शोधावा लागतो.

या कसोटीला एक मर्यादा आहे. माऊसचा बाण सामान्यतः मूळ चित्राचा भाग नसतो. तो चित्र पडद्याकडे जात असताना ग्राफिक्स यंत्रणेकडून वरून ठेवला जातो; नेहमीच्या स्क्रीनशॉटमध्ये तो उतरत नाही, याचेही कारण हेच. त्यामुळे कर्सरच्या दोषांसाठी ही कसोटी उपयोगाची नाही. त्याकरिता मोबाईलने छोटे चित्रीकरण करून ठेवणे अधिक उपयुक्त ठरते.

फुगीर व पुसट अक्षरे :

प्रोजेक्टरवर आणि लॅपटॉपवर एकच चित्र दाखविणाऱ्या ‘डुप्लिकेट’ पद्धतीत दोन्ही पडद्यांना झेपेल असे समाईक रिझोल्यूशन निवडले जाते. वर्गातील जुन्या प्रोजेक्टरचे मूळ माप १०२४ × ७६८ आणि लॅपटॉपच्या पडद्याचे १३६६ × ७६८ आहे, असे समजू. समाईक माप १०२४ × ७६८ ठरले आणि ते लॅपटॉपच्या पूर्ण पडद्यावर ताणले गेले, तर उभ्या दिशेत काहीच फरक पडत नाही. परंतु आडव्या दिशेत १०२४ ठिपके १३६६ ठिपक्यांवर पसरावे लागतात. परिणामी प्रत्येक अक्षर सुमारे एक तृतीयांशाने रुंद होते. एका ठिपक्याचे १.३३ ठिपके करता येत नसल्यामुळे कडांवर सरासरी रंग भरला जातो आणि अक्षर पुसट दिसते. देवनागरीतील बारीक वेलांट्या, रफार व अनुस्वार यांवर या पुसटपणाचा परिणाम चटकन जाणवतो. केबल काढल्यावर मूळ माप आपोआप परत यावयास हवे. ते न आल्यास हा दोष मागे राहतो.

यावरील उपाय सोपा आहे. सेटिंग्जमधील सिस्टिम व त्यातील डिस्प्ले या विभागात जाऊन ज्या रिझोल्यूशनपुढे ‘रेकमेंडेड’ असे लिहिलेले असते, ते निवडावे. हेच पडद्याचे मूळ माप असते.

रिझोल्यूशन योग्य असूनही एखाद्याच प्रोग्राममधील अक्षरे धूसर दिसत असतील, तर कारण वेगळे असते. लॅपटॉपच्या लहान पडद्यावर मजकूर वाचता यावा म्हणून तो १२५ किंवा १५० टक्के मोठा करून दाखविला जातो, तर प्रोजेक्टरवर हे प्रमाण बहुधा १०० टक्के असते. प्रत्येक पडद्यासाठी वेगळे प्रमाण ठेवण्याची सोय विंडोज ८.१ पासून, म्हणजे २०१३ पासून उपलब्ध झाली. त्यापूर्वी लिहिलेल्या प्रोग्रामना या बदलाची जाणीव नसते. प्रणाली त्यांचे तयार चित्रच ताणून दाखविते. मराठी अक्षरजुळणीसाठी दीर्घकाळ वापरला गेलेला पेजमेकर हा अशाच जुन्या प्रोग्रामपैकी एक होय; त्याची सातवी आवृत्ती २००१ मधील आहे. अशा वेळी प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा. तेवढ्याने न भागल्यास साईन आउट करून पुन्हा साईन इन करावे. केबल काढल्यानंतर लॅपटॉप केवळ झाकण मिटून ‘झोपविण्याची’ सवय असल्यास हा दोष अनेक दिवस रेंगाळतो, कारण साईन आउट कधी होतच नाही.

हरवलेल्या फाईली आणि कडेला थबकणारा कर्सर :

‘एक्स्टेंड’ पद्धतीत दोन्ही पडदे मिळून एकच विस्तृत पृष्ठभाग तयार होतो. प्रोजेक्टर काढल्यानंतर त्या भागातील फाईली लॅपटॉपच्या पडद्यावर परत याव्यात, अशी अपेक्षा असते. काही प्रोग्राम मात्र आपली शेवटची जागा स्वतः लक्षात ठेवतात आणि पुन्हा उघडल्यावर तेथेच जातात, जरी ती जागा आता अस्तित्वात नसली तरी. टास्कबारवर प्रोग्राम चालू दिसतो, पण पडद्यावर काहीच येत नाही. अशा वेळी ऑल्ट + टॅब या कळांनी तो प्रोग्राम निवडावा. नंतर ऑल्ट + स्पेस दाबून एम ही कळ दाबावी आणि कोणतीही बाणाची कळ एकदा दाबून माऊस हलवावा. हरवलेली चौकट कर्सरला चिकटून पडद्यावर येते. दुसरा पडदा जोडलेलाच असेल, तर विंडोज + शिफ्ट आणि डावा वा उजवा बाण या कळांनी चौकट एका पडद्यावरून दुसऱ्यावर आणता येते.

विंडोज ११ मध्ये डिस्प्ले विभागातील ‘मल्टिपल डिस्प्लेज’ येथे दोन पर्याय दिले आहेत : पडद्याच्या जोडणीनुसार चौकटींच्या जागा लक्षात ठेवणे आणि पडदा काढताच त्यावरील चौकटी मिटवून टास्कबारवर ठेवणे. फाईली ‘गायब’ झाल्याच्या तक्रारीत हा दुसरा पर्याय चालू आहे का, हे आधी पाहावे. कारण तेथे फाईल हरवलेली नसून केवळ मिटलेली असते.

कर्सर कडेला अडल्याची तक्रारही पुष्कळदा भूमितीतून निर्माण होते. लॅपटॉपच्या पडद्याची उंची १०८० ठिपके आणि प्रोजेक्टरची ७६८ ठिपके असेल, तर दोन्हींच्या कडा एकमेकींना पूर्णपणे भिडत नाहीत. ३१२ ठिपक्यांची कड मोकळी राहते. त्या भागात कर्सर नेल्यास तो भिंतीला टेकल्याप्रमाणे थांबतो, तर उरलेल्या भागातून सहज पलीकडे जातो. हा दोष नसून मांडणीचा परिणाम आहे. डिस्प्ले विभागातील दोन चौकोन ओढून प्रत्यक्ष जागेप्रमाणे जुळवावेत. प्रोजेक्टर डावीकडे असताना चौकोन उजवीकडे राहिल्यास कर्सर नेहमीच ‘उलट्या’ बाजूने नाहीसा होतो. विंडोज ११ मध्ये कर्सरला ही मोकळी कड सुलभतेने ओलांडू देणारा पर्यायही आहे.

पॉवरपॉईंटमध्ये यात आणखी एक भर पडते. २०१३ च्या आवृत्तीपासून दुसरा पडदा जोडताच ‘प्रेझेंटर व्ह्यू’ आपोआप सुरू होतो. श्रोत्यांना स्लाईड आणि वक्त्याला टिपणे असे दोन वेगळे पडदे दिसतात. शिवाय स्लाईड चालू असताना माऊस काही क्षण स्थिर राहिल्यास बाण लपतो. तो कंट्रोल + ए या कळांनी परत आणता येतो.

अडखळणारा, नाहीसा होणारा आणि उड्या मारणारा कर्सर :

येथे शब्दाचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. मराठीत ‘कर्सर’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरला जातो : माऊसबरोबर फिरणारा बाण आणि मजकुरात उघडझाप करणारी उभी रेघ. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘धावणारा’ असा आहे. संगणकापूर्वी अभियंते वापरीत असलेल्या स्लाईड रूलवरील सरकत्या काचेलाही कर्सरच म्हणत. तक्रार नोंदविताना बाण की रेघ हे स्पष्ट केले नाही, तर निदान चुकते. कारण दोहोंची कारणे सर्वस्वी भिन्न आहेत.

बाण अडखळत असल्यास प्रथम रिफ्रेश रेट पाहावा. एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीत ३८४० × २१६० मापाचे चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठविता येते. वर्गातील मोठ्या पडद्यावर हे माप निवडले गेल्यास नेहमीच्या ६० ऐवजी ३० टप्प्यांत हलणारा बाण डोळ्यांना अडखळताना दिसतो. केबल काढल्यानंतर ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ येथे हा दर पूर्ववत झाला आहे का, हे तपासावे.

बाण पूर्णपणे नाहीसा होणे, दोन बाण दिसणे किंवा बाणाच्या जागी चौकोन दिसणे हे दोष प्रायः ग्राफिक्स ड्रायव्हरशी निगडित असतात. वर सांगितल्याप्रमाणे बाण स्वतंत्रपणे वरून ठेवला जातो. पडद्यांची संख्या वा मापे बदलताना ही व्यवस्था पुन्हा उभी करावी लागते; त्यात गफलत झाल्यास मूळ चित्र ठीक राहून बाण तेवढा बिघडतो. विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी या चार कळा एकाच वेळी दाबल्यास ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर काळा होतो आणि उघड्या फाईलींना सामान्यतः धक्का लागत नाही. तथापि शक्य असल्यास काम आधी जतन करावे. माऊसच्या सेटिंगमधील ‘पॉइंटर ट्रेल्स’ हा पर्याय चालू केल्यावर दोष थांबला, तर ड्रायव्हरविषयीचा संशय बळावतो; कारण त्या पर्यायात बाण बहुधा वेगळ्या मार्गाने रेखाटला जातो.

बाण किंवा रेघ आपोआप उड्या मारत असेल, तर संशय टचपॅड आणि विद्युतपुरवठा यांवर जातो. टचपॅड बोटामुळे होणारा विद्युतभाराचा अतिसूक्ष्म बदल मोजतो. हलक्या प्रतीच्या चार्जरमधून किंवा अर्थिंग नसलेल्या प्लगमधून येणारा विद्युत गोंगाट त्याला बोटासारखाच भासू शकतो. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटणे ही याची एक खूण आहे. शिवाय केबलच्या धातूच्या आवरणामुळे लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांचे अर्थिंग परस्परांशी जोडले जाते. दोन्ही उपकरणे वेगवेगळ्या बोर्डांवर असून त्यांच्या अर्थिंगमध्ये फरक असेल, तर त्या आवरणातून अनावश्यक प्रवाह वाहतो; प्रोजेक्टरवर आडवे पट्टे सरकतात आणि स्पीकरमधून घरघर ऐकू येते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. उड्या थांबल्यास दोष पुरवठ्याचा आहे. दोन्ही उपकरणे योग्य अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावरून चालविणे हा त्यावरील उपाय होय. अर्थिंगची पिन तोडणे किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांची जोड देणे हे मात्र जिवावर बेतू शकते. ते कदापि करू नये.

याखेरीज एक साधे कारण वारंवार दृष्टीआड होते. स्लाईड बदलण्याच्या बिनतारी रिमोटचा छोटा रिसीव्हर लॅपटॉपला तसाच राहतो आणि बॅगेत पडलेल्या रिमोटची कळ पुस्तकाखाली दाबली जाते. मजकूर आपोआप वरखाली पळतो आणि व्हायरसचा संशय घेतला जातो. म्हणून प्रथम सर्व यूएसबी साधने काढून पाहावे.

लुकलुकणारा आणि काळा पडदा :

लुकलुकीच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टने सुचविलेली एक कसोटी उपयुक्त आहे. कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा. इतर सर्व लुकलुकत असताना टास्क मॅनेजर स्थिर राहिला, तर एखादा प्रोग्राम कारणीभूत असण्याची शक्यता अधिक. तोही लुकलुकत असेल, तर ड्रायव्हरकडे पाहावे. दोष ड्रायव्हरच्या नुकत्याच झालेल्या अद्ययावतीकरणानंतर सुरू झाला असल्यास डिव्हाइस मॅनेजरमधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ या पर्यायाने मागील आवृत्तीकडे जाता येते. अन्यथा लॅपटॉपच्या निर्मात्याने त्या मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर घालावा. डिस्प्लेलिंक प्रकारच्या डॉकमध्ये चित्र यूएसबीवरून पाठविले जात असल्याने तिचा स्वतंत्र ड्रायव्हर असतो, तोही तपासावा. विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली आहे, ही बाब जुन्या लॅपटॉपच्या संदर्भात ध्यानात ठेवावी.

झाकणाचा कोन बदलताच लुकलुक वाढत वा थांबत असेल, तर बिजागरीतून जाणारी केबल सैल झाली वा झिजली आहे असे समजण्यास आधार मिळतो. प्रणाली सुरू होण्यापूर्वी दिसणाऱ्या बायोसच्या पडद्यावरही दोष आढळल्यास तो विंडोजचा नाही, हे निश्चित होते; मग फॉरमॅट करण्यात काहीच अर्थ उरत नाही.

पडदा काळा राहिल्यास प्रथम लॅपटॉपच्या बाजूने कन्व्हर्टरसह सर्व केबल काढाव्यात. ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ हा पर्याय राहून गेल्याची शक्यता असल्याने विंडोज + पी दाबून थोडे थांबावे, बाणाच्या कळीने पर्याय बदलून एंटर दाबावे आणि काही सेकंद वाट पाहावी. त्यानेही चित्र न आल्यास अंधारात पडद्यावर तिरक्या कोनातून विजेरीचा प्रकाश टाकावा. अंधूक चित्र दिसले, तर चित्र तयार होत आहे पण मागील प्रकाशयोजना बंद पडली आहे. शेवटी दुसऱ्या, चांगल्या अवस्थेतील मॉनिटरला लॅपटॉप जोडून पाहावा. बाह्य पडद्यावर चित्र निर्दोष आणि आतील पडद्यावर सदोष असल्यास पॅनेल वा त्याची केबल संशयास्पद ठरते. दोन्हीकडे सारखाच दोष असल्यास ग्राफिक्स यंत्रणा, स्मृती किंवा ड्रायव्हर.

निदानाचा क्रम :

वरील विवेचनाचे सूत्र असे की, बिनखर्चाचे आणि सहज मागे घेता येणारे उपाय आधी, तर खर्चाचे व न पालटता येणारे उपाय शेवटी करावेत.

१. लॅपटॉपची सर्व बाह्य साधने, कन्व्हर्टर आणि रिसीव्हर काढावेत.
२. विंडोज + पी दाबून ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडावे.
३. दोषाचा स्क्रीनशॉट व मोबाईलने चित्रीकरण घ्यावे.
४. रिझोल्यूशन, प्रमाण व रिफ्रेश रेट तपासावेत.
५. विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी वापरावे. न जमल्यास ‘रीस्टार्ट’ करावे. येथे ‘शट डाउन’ पुरेसे नसते. कारण फास्ट स्टार्टअप चालू असल्यास विंडोज आपल्या अवस्थेचा काही भाग जतन करून पुन्हा तोच उचलते.
६. चार्जर काढून पाहावे. झाकणाचा कोन बदलून पाहावे.
७. बायोसचा पडदा आणि दुसरा मॉनिटर या दोन कसोट्या घ्याव्यात.
८. त्यानंतरच ड्रायव्हर बदलावा आणि अखेरीस, महत्त्वाच्या फाईलींची प्रत घेऊन, लॅपटॉप दुरुस्तीस द्यावा.

दुरुस्तीस देताना सातव्या पायरीचा निष्कर्ष लिहून द्यावा. ‘बायोसमध्येही रेघा दिसतात, बाह्य मॉनिटरवर दिसत नाहीत’ हे एक वाक्य तंत्रज्ञाला योग्य दिशा देते आणि अनावश्यक फॉरमॅटपासून लॅपटॉप वाचविते.

महाविद्यालयाच्या पातळीवरील उपाय :

या दोषांचा विचार केवळ लॅपटॉपच्या मालकापुरता मर्यादित राहिल्यास मूळ कारण निसटते. तीन वेगवेगळ्या प्राध्यापकांचे लॅपटॉप एकाच वर्गातून आल्यावर सारखेच वागू लागले, तर दोष लॅपटॉपांचा नसून त्या वर्गातील केबल, स्प्लिटर वा अर्थिंगचा असण्याची शक्यता अधिक असते. हे लक्षात येण्यासाठी वर्गनिहाय नोंदवही आवश्यक आहे. तारीख, वर्ग, जोडणीचा प्रकार आणि दोष एवढे चार रकाने पुरेत. प्रत्येक प्रोजेक्टरजवळ त्याच्या मूळ रिझोल्यूशनची चिठ्ठी लावावी, वर्गासाठी एक तपासलेला कन्व्हर्टर कायम ठेवावा आणि बोर्डाच्या अर्थिंगची इलेक्ट्रिशियनकडून ठराविक काळाने तपासणी करून घ्यावी. तास संपताना आधी ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडून मगच केबल काढण्याची सवय लागल्यास मागे राहणारे बरेच दोष मुळातच टळतात. नव्याने रुजू होणाऱ्या व तासिका तत्त्वावरील अध्यापकांना या नोंदवहीची माहिती आवर्जून द्यावी. कारण स्वतःच्या पैशाने घेतलेल्या लॅपटॉपच्या दुरुस्तीचा भार त्यांना सर्वाधिक जाणवतो.

निष्कर्ष :

१. बाह्य पडद्यानंतर उद्भवणारे अनेक दोष लॅपटॉपच्या बिघाडाचे नसून दोन उपकरणांमधील अपुऱ्या वा चुकीच्या देवाणघेवाणीचे असतात.
२. स्क्रीनशॉट, बायोसचा पडदा, दुसरा मॉनिटर आणि बॅटरीवरील चाचणी या चार कसोट्यांना विशेष साधन लागत नाही. तरीही त्या दोषाचे स्थान बऱ्याच अंशी निश्चित करतात.
३. बाण आणि मजकुरातील रेघ यांतील भेद स्पष्ट केल्याखेरीज कर्सरच्या तक्रारीचे निदान होऊ शकत नाही.
४. फॉरमॅट हा निदानाचा मार्ग नव्हे. ज्या दोषाचे कारण केबल, बिजागरी वा अर्थिंगमध्ये आहे, त्यावर तो निष्फळ ठरतो आणि संशोधन व परीक्षाविषयक मजकूर मात्र धोक्यात येतो.
५. वर्गनिहाय नोंद ठेवल्यास एकेका लॅपटॉपवर होणारा खर्च टळून मूळ दोष ज्या वर्गात आहे, तेथेच तो दूर करता येतो.